सही कोणत्या कागदावर?

तिशीत किंवा चाळिशीत चालती नोकरी सोडून आर्किटेक्चर शिकू पाहणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा कॉलेजचा असतो. मुंबईत जे.जे. की रचना संसद, पुण्यातच राहायचे की अहमदाबादला ‘सेप्ट’मध्ये जायचे, फी किती, नाव किती मोठे. अठरा वर्षांच्या मुलाने इथून सुरुवात केली तर फारसे बिघडत नाही. त्याला कोणती तरी पदवी घ्यायचीच असते आणि पाच वर्षांत विचार बदलला तरी पुढे आयुष्य पडलेले असते. वयाने मोठ्या माणसाचे तसे नाही. त्याच्याजवळ एक पदवी आधीच आहे, पगार आहे, अनेकदा घराचा हप्ता आणि शाळेत जाणारी मुलेही आहेत. त्याने कॉलेजच्या आधी विचारायचा प्रश्न निराळा आहे : शिक्षण संपल्यावर मला सही कोणत्या कागदावर करायची आहे? इमारतीच्या नकाशांवर आर्किटेक्ट म्हणून, की शहराच्या आराखड्यावर, घरांच्या अंतर्गत सजावटीच्या कामावर, बांधकामाच्या वेळापत्रकावर? या प्रश्नाचे उत्तर ठरले की कॉलेजांची यादी आपोआप लहान होते. ते ठरलेले नसताना केलेली कॉलेजांची तुलना कितीही बारकाईने केली तरी चुकीच्या दारापर्यंत नेऊ शकते. हे म्हणणे रूक्ष वाटेल. वास्तुकलेच्या ओढीने निघालेल्या माणसापुढे आधी कायद्याची कलमे ठेवणे कुणाला अरसिकपणाचेही वाटेल. पण आपल्याकडे या व्यवसायाची घडणच अशी आहे की कलमे बाजूला ठेवून ओढीचा हिशेब लागत नाही.

वास्तुविशारद अधिनियम हा कायदा १९७२ सालचा. त्याने कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर स्थापन झाली आणि कौन्सिलच्या नोंदवहीत नाव नसलेल्याने स्वतःला आर्किटेक्ट म्हणवणे कलम ३७ नुसार गुन्हा ठरले. नोंदवहीत नाव यायचे तर कायद्याने मान्य केलेली पदवी हवी. कायदा आला तेव्हा अनुभवी लोकांसाठी एक फट ठेवली होती : ठराविक तारखेपूर्वी किमान पाच वर्षे आर्किटेक्ट म्हणून व्यवसाय केलेल्या भारतीय नागरिकाला पदवीशिवायही नोंदणी मिळू शकत होती. ती सवलत त्या पिढीपुरती होती, तिच्याबरोबर ती संपली. आज नव्याने येणाऱ्यासाठी रस्ता उरतो तो दहा सत्रांच्या, पूर्णवेळ बी.आर्क.चा. आधीची पदवी अभियांत्रिकीची असो, गणिताची असो वा वकिलीची, तिच्यामुळे या पाच वर्षांतून काही वजा होत नाही. पदव्युत्तर एम.आर्क. हा जवळचा मार्ग वाटतो, पण त्याच्या प्रवेशासाठी बी.आर्क.च लागते. म्हणजे ज्याला ‘सीए’ अक्षरांनी सुरू होणारा नोंदणी क्रमांक आपल्या नावाखाली लिहायचा आहे, त्याला पाच वर्षे पुरती मोजावी लागतात. उलट ज्याला तो क्रमांक नको आहे, त्याने ती पाच वर्षे द्यायलाच हवीत असे नाही.

या एकाच रस्त्याचे दारही वयस्क विद्यार्थ्याला अर्धेच उघडे मिळते, आणि हे फार थोड्यांना आधी ठाऊक असते. दिल्ली, भोपाळ आणि विजयवाडा येथील स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर, तसेच नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या राष्ट्रीय संस्था बी.आर्क.चे प्रवेश जेईई मेनच्या दुसऱ्या पेपरवर देतात. जेईई मेनला वयाची अट नाही, पण बारावी त्याच वर्षी किंवा लगतच्या दोन वर्षांत झालेली असावी लागते. दहा वर्षे नोकरी केलेल्याला अट वयाची असो की बारावीच्या सालाची, परिणाम सारखाच. आयआयटींचे बी.आर्क. तर जेईई ॲडव्हान्स्डच्या पलीकडे असल्याने तेही दार बंद. उरते ती कौन्सिलची ‘नाटा’ ही परीक्षा. तिला वयोमर्यादा नाही. महाराष्ट्रात राज्याचा सीईटी कक्ष नाटाच्या गुणांवर केंद्रीय प्रवेशप्रक्रिया चालवतो, त्यामुळे इथली सरकारी व खासगी कॉलेजे तत्त्वतः खुली राहतात. पण तिथेही बारावीची गुणपत्रिका पुन्हा बाहेर काढावी लागते, कारण गणित आणि भौतिकशास्त्र त्या टप्प्यावर झालेले असणे आवश्यक आहे. वाणिज्य किंवा कला शाखेतून आलेल्या, पुढे बँकेत वा जाहिरातक्षेत्रात नाव कमावलेल्या माणसाला आधी ते विषय पुरे करावे लागतात, नाहीतर गणितासह तीन वर्षांच्या पदविकेचा लांबचा वळसा घ्यावा लागतो. त्याच्यासाठी पाच वर्षांचा हिशेब सहा-सात किंवा त्याहून अधिक वर्षांचा होतो. तेव्हा राष्ट्रीय क्रमवारीच्या याद्या चाळण्याआधी आपल्याला कोणकोणत्या रांगांत उभे राहता येते ते पाहावे, म्हणजे मृगजळामागे धावण्याचे श्रम वाचतात.

इथे पहिला आक्षेप येतो तो परदेशाचा. अमेरिकेत कोणत्याही शाखेच्या पदवीधराला तीन ते साडेतीन वर्षांत व्यावसायिक एम.आर्क. मिळते. हार्वर्ड आणि एमआयटी येथे असे अभ्यासक्रम आहेत. सॉफ्टवेअरच्या नोकरीनिमित्त तिथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांपैकी कुणी हा मार्ग घेतला तर ते समजण्यासारखे आहे. पण पदवी म्हणजे परवाना नव्हे, ही तिथली व्यवस्था आहे. पदवीखेरीज ३,७४० तासांचा नोंदवलेला कामाचा अनुभव लागतो. आठवड्याला चाळीस तास धरले तरी तो जवळजवळ दोन वर्षांचा होतो. शिवाय सहा भागांची परवाना परीक्षा. साडेतीन वर्षांची पदवी अशी साडेपाच-सहा वर्षांपर्यंत जाते, अनेकांची त्याहूनही पुढे. ब्रिटनमध्ये तीन वर्षांचा पहिला भाग, दोन वर्षांचा दुसरा, मधले आणि नंतरचे ऑफिसातले काम आणि तिसरी परीक्षा असा परंपरागत क्रम साधारण सात वर्षांचा आहे. २०१८ पासून तिथे नोकरी करत पदवी घेण्याची अप्रेंटिसशिप सुरू झाली, ती प्रौढांसाठी आपल्याकडच्या कोणत्याही सोयीपेक्षा उदार आहे, पण तिच्यासाठी तिथे राहणारा आणि तिथल्या ऑफिसाने नोकरीत घेतलेला माणूस लागतो. आणि परदेशी पदवी हाती आली म्हणून भारतात नोंदणी आपोआप मिळत नाही, तिची मान्यता कौन्सिलच्या नियमांतून स्वतंत्रपणे तपासली जाते. तेव्हा परदेशी अभ्यासक्रम निवडायचा तर तिथेच व्यवसाय करायचा आहे म्हणून निवडावा. ‘तीन वर्षांत उरकते’ हे कारण आकड्यांवर टिकत नाही.

याच तुलनेतून आपल्या व्यवस्थेचे एक वैशिष्ट्य पुढे येते, आणि कॉलेज कसे निवडावे याचे सूत्र त्यातच आहे. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पदवी आणि परवाना यांच्यामध्ये अनुभवाची आणि परीक्षेची चाळणी आहे. कॉलेजात राहून गेलेली उणीव त्या मधल्या काळात उघडी पडते आणि भरूनही काढता येते. आपल्याकडे बी.आर्क. झालेला विद्यार्थी नोंदणीसाठी लगेच अर्ज करू शकतो, मध्ये दुसरी परवाना परीक्षा नाही. अभ्यासक्रमातले ऑफिस ट्रेनिंगचे सत्र एवढाच काय तो सक्तीचा अनुभव. याचा अर्थ उत्तम कॉलेज आणि सुमार कॉलेज यांतून बाहेर पडणाऱ्या दोघांच्या सहीला कायदा सारखेच वजन देतो, फरक फक्त सहीमागच्या ज्ञानात राहतो. तरुण पदवीधर ही उणीव पुढची सात-आठ वर्षे कुणाच्या तरी ऑफिसात कमी पगारावर राबून भरून काढतो. पस्तिशी-चाळिशी गाठलेल्या पदवीधराकडे तेवढा काळ नसतो. म्हणून नाव मोठे असणे त्याच्या दृष्टीने दुय्यम आणि पाच वर्षांतला प्रत्येक तास कसा वापरला जातो हे मुख्य ठरते.

यावर कुणी म्हणेल की मोठ्या माणसाला कामाचा अनुभव असतोच, तो कॉलेजची उणीव भरून काढेल. हे अंशतः खरे आहे. झाहा हदीद यांनी बैरुतमध्ये गणित शिकून मग १९७२ साली लंडनच्या आर्किटेक्चरल असोसिएशनमध्ये प्रवेश घेतला. रेम कूलहास त्याच शाळेत येण्यापूर्वी पत्रकार होते आणि चित्रपटांसाठी लिहीत होते. दोघांच्याही पहिल्या विद्येच्या खुणा पुढच्या कामात दाखवता येतात. हदीद यांच्या चित्रांतली भूमिती आणि कूलहास यांच्या पुस्तकांतली शहराची चिकित्सा या नुसत्या आर्किटेक्चरच्या वर्गातून आलेल्या नाहीत. पण दोन गोष्टी विसरता कामा नयेत. दोघांनीही नव्या विद्येची वर्षे पूर्ण दिली, जुन्या विद्येच्या बळावर ती कमी करून घेतली नाहीत. आणि दोघेही तेव्हा विशीतच होते. आधीचे शिक्षण वर्षे कमी करत नाही, त्या वर्षांतून काय मिळवायचे ते बदलते. यंत्र अभियंता सेवायंत्रणांचा विषय लवकर समजून घेतो, परिचारिकेला रुग्णालयाच्या नकाशातला चालण्याचा त्रास लगेच दिसतो, वकिलाला जमीन आणि परवानगीची कागदपत्रे वाचता येतात. पण पेन्सिलीने विचार करण्याची सवय, मॉडेल कापताना लक्षात येणारे प्रमाण, ज्युरीसमोर आपलेच काम मोडीत निघताना पाहून पुन्हा नव्याने रेखाटन करण्याची तयारी, यांची आगाऊ शिदोरी कोणत्याही व्यवसायातून मिळत नाही. उलट आधीच्या क्षेत्रात ज्येष्ठ असलेल्याला विशीतल्या सहाध्यायांच्या रांगेत नवशिका म्हणून बसणे अधिक जड जाते.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे : पदवी हवीच कशाला? तादाओ आंदो यांनी आर्किटेक्चरच्या कोणत्याही शाळेत पदवी घेतली नाही, आर्किटेक्ट होण्यापूर्वी ते मुष्टियोद्धे होते, आणि १९९५ साली त्यांना प्रित्झकर पारितोषिक मिळाले. चंदीगड उभारणाऱ्या ल कॉर्बुझिए यांच्याकडेही औपचारिक पदवी नव्हती. उदाहरणे खरी आहेत, पण त्यांच्या देशांचे कायदे निराळे होते. फ्रान्समध्ये आर्किटेक्ट या उपाधीला कायद्याचे संरक्षण १९४० च्या अखेरीस मिळाले, तोवर ल कॉर्बुझिए पन्नाशी ओलांडून जगप्रसिद्ध झाले होते. जपानमध्ये प्रत्यक्ष अनुभवाच्या बळावर परवान्याच्या परीक्षेला बसण्याची तरतूद आहे. भारतात तसे दार नाही, म्हणून या उदाहरणांतून प्रतिभेविषयी काही शिकता येईल, मार्गाविषयी नाही. तरीही आक्षेपाचा गाभा शिल्लक राहतो, कारण आपल्या सर्वोच्च न्यायालयानेच मार्च २०२० मध्ये नोएडा प्राधिकरणातील पदांविषयीच्या प्रकरणात कलम ३७ चा अर्थ स्पष्ट केला आहे : कायद्याने राखलेली आहे ती आर्किटेक्ट ही उपाधी. इमारतींची रचना करण्याचे काम नोंदणी नसलेल्याला त्या कलमाने निषिद्ध नाही. हाच निकाल वयस्क विद्यार्थ्याने सर्वांत काळजीपूर्वक वाचावा. त्यातून ‘पदवी निरुपयोगी’ असा अर्थ निघत नाही. पदवी नक्की काय देते याची सीमारेषा मात्र त्यातून कळते. ती उपाधी देते, स्वतंत्रपणे जबाबदारी घेण्याची ओळख देते, आणि महाराष्ट्रात बांधकाम परवानगीच्या प्रकरणांत वेगळा पालिका परवाना न काढता आर्किटेक्ट म्हणून सही करण्याची मुभा देते. राज्यात २०२० पासून लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत परवानाधारक अभियंते आणि पर्यवेक्षक यांनाही आपापल्या पात्रतेनुसार कामे करता येतात. त्यामुळे स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी असलेल्याने तर नव्या पाच वर्षांआधी आपल्या जुन्या पदवीवर काय करता येते ते तपासलेच पाहिजे.

मग सहीच्या प्रश्नाची दुसरी उत्तरे पाहू. ज्याला शहरांविषयी, वाहतुकीविषयी, पाण्याविषयी, झोपडपट्ट्यांच्या पुनर्विकासाविषयी आस्था आहे, त्याचा खरा विषय नगररचना असू शकतो. नगररचनेचे दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंगसारख्या ठिकाणी स्थापत्य अभियंत्यांना तसेच भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र शिकलेल्यांनाही मिळू शकते. ज्याला वस्तू, प्रदर्शने किंवा माणूस आणि जागा यांचा संवाद घडवायचा आहे, त्याला सीड परीक्षेतून आयआयटी मुंबईच्या आयडीसीसारख्या संस्थेत एम.डेस. करता येते, तिथेही आधीच्या पदवीची शाखा आड येत नाही. ज्याला साइटवरचा गोंधळ आवरण्यात, खर्च आणि वेळ सांभाळण्यात रस आहे, त्याच्यासाठी बांधकाम व्यवस्थापन आहे. ज्याला मुख्यतः घरांच्या आतल्या जागा घडवायच्या आहेत, त्याच्यासाठी इंटिरिअर डिझाइनचे अभ्यासक्रम आहेत आणि त्या कामाला कौन्सिलची नोंदणी लागत नाही. या मार्गांना ‘आर्किटेक्चर जमले नाही म्हणून’ स्वीकारलेल्या पायऱ्या समजण्याची खोड आपल्याकडे आहे. ती सोडलेली बरी. अनेक प्रौढ उमेदवारांच्या मनातले काम प्रत्यक्षात यांपैकीच एखादे असते, फक्त त्याला ते आर्किटेक्चर या नावाने ओळखतात, कारण दुसरी नावे त्यांच्या कानांवर आलेली नसतात.

वयाचा आक्षेप सर्वांत जुना आणि बहुधा घरातूनच येणारा. आर्किटेक्टचे काम उशिरा पिकते हे खरे. अहमदाबादचे आयआयएम घडवणाऱ्या लुई कान यांची कीर्ती ज्या इमारतीपासून सुरू झाली ती येल विद्यापीठाची कलादालनाची इमारत १९५३ साली पुरी झाली, तेव्हा ते पन्नाशीच्या पुढे होते. हे उदाहरण धीर देण्यासाठी नेहमी सांगितले जाते. पण कान यांनी पदवी १९२४ सालीच घेतली होती आणि मधली जवळजवळ तीन दशके ते त्याच कामात होते. उशिरा पिकणे आणि उशिरा पेरणे यांत फरक आहे. पस्तिसाव्या वर्षी नोंदणी मिळवणाऱ्याने स्वतःच्या महाकाय इमारतींची अपेक्षा धरू नये. त्याच्यासमोर वास्तवात आहेत ती लहान घरे, शाळांच्या इमारती, जुन्या वाड्यांची दुरुस्ती, गावातली सभागृहे, किंवा त्याच्या पहिल्या क्षेत्राशी जोडलेली रुग्णालये, कारखाने, प्रयोगशाळा. या शेवटच्या गटात वयाची बाजू भक्कम होते, कारण तिथे ग्राहक आर्किटेक्टपेक्षा त्या क्षेत्राच्या जाणकाराला शोधत असतो आणि दोन्ही एकाच माणसात मिळणे दुर्मिळ असते. पैशाचा हिशेबही याच कसोटीवर करावा. फी हा खर्चाचा लहान भाग, बुडालेला पाच वर्षांचा पगार हा मोठा. त्यात पदवीनंतरची कमी पगाराची पहिली वर्षे धरावीत. एवढे करूनही ज्याचे उत्तर ‘हो’ येते त्याने वयाची चर्चा पुन्हा काढू नये.

आता कॉलेज. पहिली अट कौन्सिलच्या मान्यतेची : ती संस्थेला कायमची नसते, ठराविक कालावधीपुरती आणि ठराविक प्रवेशसंख्येपुरती असते, म्हणून प्रवेशाच्या वर्षाची मान्यता कौन्सिलच्या यादीत स्वतः पाहावी. दुसरी गोष्ट अंतराची. आर्किटेक्चरचे शिक्षण घरी बसून वाचण्याने होत नाही, ते स्टुडिओत, सहाध्यायांच्या टेबलांमधून, शिक्षकाने तुमच्या कागदावर मारलेल्या रेघांतून होते. रोज चार तास लोकलमध्ये घालवून नामांकित कॉलेज गाठणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्यापेक्षा अर्ध्या तासावरच्या साध्या कॉलेजातला विद्यार्थी स्टुडिओला अधिक देऊ शकतो, शिवाय घराला काही शिल्लक राहते. तिसरी गोष्ट पाहायची ती वर्षअखेरीच्या प्रदर्शनात. चकचकीत रेंडर केलेली दृश्ये सगळीकडे सारखी असतात. शोधायचे ते जिन्याचा छेद, भिंत आणि स्लॅब यांचा सांधा, पावसाच्या पाण्याची वाट दाखवणारी वर्किंग ड्रॉइंग्ज. ती नीट असतील तर त्या कॉलेजात बांधणे शिकवले जाते. चौथी गोष्ट ज्युरी. ज्युरी खुली असेल तिथे मागे बसून ऐकावे. परीक्षक चुकीमागचे कारण समजावतात की अपमान करून मोकळे होतात, यावरून पाच वर्षांचा स्वभाव कळतो. शिक्षकांपैकी किती जण स्वतः व्यवसाय करतात, वस्ती-अभ्यासाच्या दौऱ्यांत मोजमाप घेऊन नकाशे काढतात की केवळ छायाचित्रे घेतात, ट्रेनिंगच्या सत्रात विद्यार्थी कोणत्या ऑफिसांत जातात, हे प्रश्न प्राचार्यांपेक्षा चौथ्या-पाचव्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारावेत. स्त्रियांसाठी पुण्याचे भानुबेन नानावटी महाविद्यालय हा महाराष्ट्रातला वेगळा पर्याय आहे, गोव्यात राहणाऱ्यांसाठी पणजीचे सरकारी गोवा कॉलेज ऑफ आर्किटेक्चर. नावांची यादी वाढवता येईल, पण प्रश्न तेच राहतात.

एक आक्षेप शेवटी उरतो आणि तो न्याय्य आहे : पदवीधर प्रौढांसाठी आपल्याकडे तीन-साडेतीन वर्षांचा मान्यताप्राप्त मार्ग का नाही? असायला हवा. रुग्णालये, प्रयोगशाळा, पाणी आणि ऊर्जा यांचे प्रश्न जाणणारी माणसे आर्किटेक्ट होणे समाजाच्या हिताचे आहे, आणि अनुभव व परवाना परीक्षा यांची चाळणी जोडली तर दर्जाची भीतीही निराधार ठरते. पण तो मार्ग होईल या आशेवर आजचा निर्णय बेतू नये. आजच्या व्यवस्थेत पूर्ण पाच वर्षे देण्याची किंमत फक्त एकाच कारणासाठी योग्य आहे : इमारतीची सार्वजनिक जबाबदारी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सहीने घ्यायची आहे म्हणून. इमारत कोसळली, गळली, अपंग माणसाला तिच्यात जाता आले नाही, तर उत्तर देणारा माणूस आपण असावे असे ज्याला मनापासून वाटते, त्याने बी.आर्क. निवडावे आणि कॉलेज वर सांगितलेल्या कसोट्यांवर ठरवावे. ज्याला इमारतींचा सहवास हवा आहे पण ते उत्तरदायित्व नको आहे, त्याच्यासाठी इतर दारे खुली आहेत आणि ती कमी प्रतीची नाहीत. हे वाचून कुणी प्रवेशअर्ज भरला तर ते उपयोगी पडले, आणि कुणी विचारपूर्वक तो भरायचा थांबला तरी तितकेच उपयोगी पडले असे मानावे.